ट की त? मध्यभूमीच्या मराठी कोशाच्या कामनोंदी

11 जानेवारी 2025

कोशाचं घर उभं राहिलं. कोल्हापूरच्या पोरानं रात्री जागून मीडियाविकी (विकी चालवायची संगणकप्रणाली) बसवलं आणि सकाळी पासवर्ड पाठवला. खाली एवढंच, "ताई, आता लिहा." आम्ही पाच जण आहोत. मी ठाण्यात. नाशिकची मैत्रीण ग्रंथालयात नोकरीला, म्हणून संदर्भ तिच्याकडे. सर साताऱ्याला, आयुष्यभर मराठी शिकवून निवृत्त झालेले. चुलतभाऊ दादा अमेरिकेत, एडिसनला. आणि यंत्राचं सगळं बघणारा हा कोल्हापूरचा विद्यार्थी. विषय इंग्रज लेखक टोल्कीन यांच्या कथांतलं काल्पनिक जग, मध्यभूमी: तिथली माणसं, चिरंजीव एल्फ, बुटके हॉबिट, नद्या, तलवारी, लिप्या, पंचांगं. सगळं मराठीत.

तीन गोष्टी आजच ठरवल्या. इंग्रजी विकींवरून उतरवायचं नाही. परवाना आड येत नाही. श्रेय देऊन, तोच परवाना ठेवून भाषांतर करता येतं. पण मग मूळ लेखातली चूकही भाषांतरित होते आणि ती कुठून आली हे कळत नाही. पुस्तक उघडायचं आणि तिथून लिहायचं. दुसरं, प्रत्येक विधानाखाली ग्रंथ, खंड आणि प्रकरण द्यायचं, पानाचा आकडा नाही. माझी प्रत, सरांची प्रत आणि दादाची प्रत यांची पानं कुठेच जुळत नाहीत. प्रकरणं मात्र तीच आहेत. तिसरं, उतारे डकवायचे नाहीत. टोल्कीन 2 सप्टेंबर 1973 रोजी गेले. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क राहतात, म्हणजे 2033 सरेपर्यंत. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधला मोठा नकाशा तर त्यांचे चिरंजीव क्रिस्टोफर यांनी काढलेला, आणि ते 2020 साली गेले. नकाशाचं पान तूर्त रिकामं ठेवलंय.

14 जानेवारी

संक्रांतीचा तिळगूळ वाटून झाल्यावर बसले. पाहते तर ॲरागॉर्न या नायकावर दोन लेख. शीर्षक अक्षर न् अक्षर सारखं, तरी यंत्राच्या मते दोन वेगळी नावं. एक माझं, एक दादाचं.

तासभर खणल्यावर पोराला कारण सापडलं. माझा कळफलक "ॲ" हे एकच अक्षर म्हणून टाकतो. दादाचा कळफलक आधी "अ" आणि त्यावर अर्धचंद्र टाकतो. डोळ्याला फरक शून्य, पण युनिकोडमध्ये (संगणकाच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या जागतिक यादीत) पहिल्याचा एक क्रमांक आणि दुसऱ्याचे दोन, आणि या दोघांना एकच मानायचा नियम युनिकोडनं केलेला नाही. शोधातही एकानं लिहिलेलं दुसऱ्याला सापडत नाही. वर्णक्रमाच्या यादीत माझा ॲरागॉर्न "ह" नंतर, अगदी तळाला जाऊन बसला होता, कारण ते अक्षर युनिकोडमध्ये मागाहून भरलं गेलं.

पोर म्हणाला, जतन करतानाच एका रूपाचं दुसऱ्यात रूपांतर करणारी आज्ञा लिहितो. लिहू दे. तोवर नवीन लेखांत "ॲ" नको.

19 जानेवारी

"ॲ" नको म्हटलं म्हणून सर मुळात उच्चार काय आहे ते बघायला गेले. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या शेवटच्या खंडात परिशिष्टं आहेत, त्यातलं "ई" हे उच्चारांचं आणि लिप्यांचं. मी ते पुस्तक तीनदा वाचलंय. तिन्ही वेळा परिशिष्ट "ई" चाळून पुढे गेले होते.

तिथे सगळं लिहिलेलं आहे. एल्फांच्या भाषांत "सी" या अक्षराचा उच्चार नेहमी क, पुढे काहीही येवो. म्हणजे सेलेबॉर्न नव्हे, केलेबोर्न. सिरिथ नव्हे, किरिथ. "र" कुठेही असला तरी ठणठणीत म्हणायचा, इंग्रजांसारखा गिळायचा नाही. "ए" आणि "यू" ही रोमन अक्षरं जोडून आली की आउ, म्हणून साउरोन आणि स्माउग. आणि एल्फांच्या नावातला "ए" हा इंग्रजी "फादर" मधल्या आ सारखा. म्हणजे ज्या "ॲ"नं आमचे पाच दिवस खाल्ले तो स्वर एल्फांच्या भाषेत नाहीच. आरागोर्न. (अ की आ यावर सरांचं आणि दादाचं अजून जुळलेलं नाही. ऱ्हस्व आ दाखवायला देवनागरीत सोय नाही. तूर्त आ.)

मग उलट बाजूनं पाहिलं. हॉबिटांची नावं टोल्कीन यांनी इंग्रजी वळणानं दिली आहेत, त्यामुळे तिथे अर्धचंद्र हवाच: सॅम, बॅगिन्स, हॅमफास्ट. म्हणजे आमच्या कोशात नावावर अर्धचंद्र दिसला की वाचकानं समजावं, हे नाव एल्फांकडचं नाही. असा नियम करायला आम्ही बसलोच नव्हतो, तो आपोआप तयार झाला. नाशिकहून निरोप आला, "हे साहाय्य-पानावर सगळ्यात वर टाक." टाकलं.

26 जानेवारी

आज दिवसभर एकच वाद: ट की त.

इंग्रजीत हा प्रश्न उद्भवतच नाही. तिथे एकच "टी" आणि एकच "डी". देवनागरीत लिहायला बसलं की पहिल्याच अक्षराला निवड करावी लागते. मॉर्डोर की मोर्दोर? मिनास टिरिथ की तिरिथ? चित्रपट पाहून आलेल्या सगळ्यांच्या तोंडी ट आणि ड आहे, कारण इंग्रजी शब्दांतले हे वर्ण आपण तसेच ऐकतो. दादाचं म्हणणं, लोक जे म्हणतात ते लिहा. सरांचं म्हणणं, लोक काय म्हणतात ते पुनर्निर्देशनात (ते नाव शोधलं की मूळ लेखावर नेणाऱ्या दुव्यात) ठेवा, शीर्षकात लेखकानं काय सांगितलंय ते ठेवा.

आणि लेखकानं सांगितलंय. परिशिष्ट "ई"च्या दुसऱ्या भागात एल्फांच्या तेंगवार लिपीची मांडणी आहे. तिची 24 मुख्य अक्षरं चार मालिकांत बसवलेली आहेत, आणि मालिका उच्चारस्थानावरून पाडल्या आहेत. पहिली मालिका "तिंको"पासून सुरू होते, तिला त्यांनी दंत्यांची मालिका म्हटलंय. दुसरी ओष्ठ्यांची. पुढे कंठ्य वगैरे. सर हे वाचून क्षणभर गप्प झाले आणि मग म्हणाले, "अहो, हे तर आपले वर्ग आहेत."

खरंच आहेत. आपला त-वर्ग घ्या: त, थ, द, ध, न. अघोष, त्याचा महाप्राण, घोष, त्याचा महाप्राण, अनुनासिक. तेंगवारच्या पहिल्या मालिकेत: अघोष, घोष, अघोष घर्षक, घोष घर्षक, अनुनासिक, आणि मग सहावी एक पायरी. आपण जिथे श्वास सोडतो तिथे एल्फ हवा घासतात, एवढाच फरक. वर तिथे अक्षराचा आकारच उच्चार सांगतो. दांड्याला एक पोट असेल तर अघोष, पोट दुहेरी झालं की घोष. दांडा खाली न जाता वर गेला की घर्षक. आपल्या त आणि द च्या आकारात असं नातं नाही. स्वर मात्र पुष्कळदा व्यंजनावर चिन्ह म्हणून बसतात, मात्रांसारखे. इंग्रजी वाचकाला हे सगळं नव्यानं शिकावं लागत असेल. मराठी शाळेत पहिलीत बाराखडी घोकलेल्या पोराला ते पाहताक्षणी ओळखीचं वाटतं.

साम्य आहे म्हणून टोल्कीन यांनी ते नागरीवरून घेतलं असं आमच्या लेखात कुणीही लिहायचं नाही. चर्चापानावर हे ठळक टाकलंय.

निर्णय असा: एल्फांच्या नावांत त आणि द. मोर्दोर, गोन्दोर, गालाद्रिएल, देनेथोर, मिनास तिरिथ. हॉबिटांच्या नावांत ट आणि ड, कारण ती इंग्रजी वळणाची: टूक, ब्रॅन्डीबक. लोकांच्या ओळखीची सगळी रूपं पुनर्निर्देशनं म्हणून राहतील. दादानं मान्य केलं, पण मनापासून नाही.

2 फेब्रुवारी

छोटी नोंद, पण माझ्या आवडीची. एल्फांचा "थ" खरं तर आपला थ नाही, तो इंग्रजी "थिन"मधला घासून येणारा वर्ण आहे. आपल्याकडे तसं अक्षर नाही म्हणून थ वापरतो. पण ड्वार्फांच्या भाषेबद्दल परिशिष्टात वेगळं सांगितलंय: तिथे "टी-एच" आणि "के-एच" म्हणजे त किंवा क आणि लगेच ह, महाप्राण. इंग्रजी वाचकाला समजावायला तिथे "बॅकहॅन्ड" आणि "आउटहाउस" अशी उदाहरणं द्यावी लागली आहेत. आपल्याला फक्त ख लिहायचा. खजाद-दूम. यातला ज "जहाज"मधला. ड्वार्फ जसे बोलले असते तसंच.

9 फेब्रुवारी

आदरार्थाचा प्रश्न आज चव्हाट्यावर आला. जादूगाराबद्दल दादाच्या लेखात "गॅन्डाल्फ पुलावर उभा राहिला", सरांच्या लेखात "गॅन्डाल्फ पुलावर उभे राहिले", आणि दोन्ही लेख एकमेकांना जोडलेले. इंग्रजीत "ही" म्हटलं की सुटका. आपल्याला सॅमला काय म्हणायचं, आरागोर्न राजा झाल्यावर क्रियापद बदलायचं का, हे सगळं ठरवावं लागतं.

सर एल्फांच्या एलरोन्दला "तो" म्हणायला तयार नव्हते. मग तेच म्हणाले, आपण महाभारत सांगतो तेव्हा कृष्ण "तो" असतो आणि भीष्म "ते" असतात, आणि कृष्णाचा मान त्यामुळे कमी होत नाही. त्या वाक्यावर मिटलं. कथेतली सगळी पात्रं तो किंवा ती, माळी असो की महाराजा. टोल्कीन, क्रिस्टोफर, अभ्यासक, भाषांतरकार, म्हणजे खरी माणसं, ते.

पण याच वादातून जे हाती लागलं ते मोठं आहे. नाशिकच्या मैत्रिणीनं परिशिष्ट "एफ" काढलं, तिथल्या भाषांबद्दलचं. त्यात आहे: मध्यभूमीच्या सामाईक भाषेत, वेस्ट्रनमध्ये, द्वितीय पुरुषात सलगीचं रूप आणि आदराचं रूप वेगवेगळं होतं. पुष्कळदा तृतीय पुरुषातही. म्हणजे तू आणि तुम्ही, तो आणि ते. आणि शायरमधल्या हॉबिटांच्या बोलण्यातून आदराचं रूप गळून गेलं होतं. सगळ्यांना तू.

आता पिप्पिन या हॉबिटाचा विचार करा. गोन्दोरच्या राजधानीत, मिनास तिरिथला पोचल्यावर सुरुवातीचे काही दिवस तो सगळ्यांशी सलगीच्या रूपात बोलतो, खुद्द राज्यपाल देनेथोरशीसुद्धा. परिशिष्ट सांगतं की म्हाताऱ्या देनेथोरला कदाचित त्याची मौज वाटली असेल, पण नोकरचाकर चकित झाले असणार, आणि पिप्पिन हा त्याच्या मुलखातला कुणी फार मोठ्या दर्जाचा माणूस आहे ही वदंता पसरायला या बोलण्याचा हातभार लागला. मूळ कथेत गोन्दोरचे लोक त्याला हॉबिटांचा राजपुत्र समजतात हे आम्ही पाचही जणांनी वाचलं होतं. का समजतात, हे आज कळलं. दरबारात उभं राहून राजाच्या जागी बसलेल्या माणसाला "तू" म्हणणारा पोरगा एकतर वेडा असेल नाहीतर त्याच्या तोडीचा.

टोल्कीन यांना इंग्रजीत हे दाखवायची सोय नव्हती. एकदोन जागी त्यांनी जुनं "दाउ" (तू) वापरून सुचवलंय, बाकी परिशिष्टात टीप. आपल्याकडे ती सोय रोजच्या बोलण्यात पडलेली आहे. दादा फोनवर म्हणाला, "मी इतकी वर्षं इंग्रजीत वाचतोय, मला हे एकदाही जाणवलं नाही." पिप्पिनचा लेख मी पुन्हा पहिल्यापासून लिहायला घेतलाय.

16 फेब्रुवारी

नावांचं भाषांतर. डच भाषांतर 1956 साली आलं, स्वीडिश 1959 पासून, आणि दोन्हींत नावांचं जे झालं त्यानं टोल्कीन इतके नाराज झाले की त्यांनी भाषांतरकारांसाठी नावांचं टिपणच लिहिलं. ते 1975 साली छापलं गेलं, पुढे 2005 साली पुन्हा, नीट संपादून. सूत्र सोपं आहे: टिपणातल्या यादीत अर्थ उलगडून दिलेली इंग्रजी नावं अर्थानं भाषांतरित करा, यादीत नसलेली जशीच्या तशी ठेवा.

आमची शीर्षकं मूळ ध्वनीनंच राहतील. वाचक शोधेल ते त्याच नावानं. पण पहिल्या ओळीत अर्थाचं मराठी नाव द्यायचं ठरलं. स्ट्रायडरला, म्हणजे आरागोर्नला, ढांग्या. लांब ढांगा टाकत रानोमाळ हिंडणाऱ्या माणसाला ब्री गावच्या लोकांनी तुच्छतेनं दिलेलं नाव, आणि ढांग्यात तो सूर बरोबर येतो. वर्मटंगला कुणीतरी किडाजिभ्या लिहिलं होतं. इथला "वर्म" म्हणजे अळी किंवा किडा नाही, जुन्या इंग्रजीतला सर्प आहे. टिपणात स्पष्ट आहे. नागजिभ्या. फान्गोर्न हे नाव एल्फी, त्यात दाढी आणि झाड आहे, म्हणून झाडदाढ्या. बॅगिन्ससाठी पोतदार सुचवलं गेलं. ते हुद्द्याचं आडनाव, त्यात कचेरी आणि सरकार येतं. नको. मूळात फक्त पिशवी आहे. जागा रिकामी ठेवली.

जास्त कठीण आहे ते वंशांचं. एल्फला परी म्हटलं की पंख आणि जादूची कांडी येते. यक्ष म्हटलं की कुबेर आणि खजिना येतो. दुष्टांच्या फौजेतल्या ऑर्कला राक्षस म्हटलं तर रावणही त्याच रांगेत, आणि रावण वेदपाठी होता. थडग्यातल्या "वाइट" नावाच्या भुताला वेताळ म्हणायचा मोह मला स्वतःला झाला. पण वेताळ हा गावाच्या वेशीवर असतो, त्याला नैवेद्य असतो, कोकणात तर तो ग्रामदैवत आहे. त्याला उचलून तिथे नेणं दोघांवर अन्याय. एल्फ, ऑर्क, वाइट असेच राहतील.

22 फेब्रुवारी

सर्व्हर सकाळी बंद पडला. होस्टिंगवाल्यांकडून दिवसभर उत्तर नाही. पोराकडे आदल्या रात्रीची प्रत होती, संध्याकाळी तीच चढवली. गेल्या ते सरांचे रोहानच्या घोड्यांवरचे दोन लेख. ते त्यांनी वहीत आधी हातानं लिहिलेले होते.

2 मार्च

मराठी भाषा गौरव दिनाला कोशाची खबर काही ओळखीच्यांना दिली होती. सात नवे हात मिळाले. त्यातल्या एकानं काल रात्रभर बसून चौदा लेखांत "30 फेब्रुवारी" शोधून "1 मार्च" केलं. चांगल्या मनानं. आमच्या तारखेच्या साच्यानंच (लेखात तारीख मांडणाऱ्या तयार नमुन्यानं) तिथे लाल अक्षरांत "अवैध दिनांक" दाखवलं होतं.

पण तिथे 30 फेब्रुवारी आहे. शायरच्या पंचांगात बाराही महिने तीस दिवसांचे. उरलेले पाच दिवस कोणत्याच महिन्यात नाहीत: दोन यूलचे हिवाळ्यात, वर्ष संपताना आणि सुरू होताना, आणि तीन उन्हाळ्याच्या मध्यावर. लीप वर्षी त्या मध्यावर आणखी एक. वर्षाच्या मधला दिवस आणि हा जादा दिवस यांना वारही नाही, त्यामुळे दर वर्षी तीच तारीख त्याच वारी येते. परिशिष्टांतला घटनाक्रम याच मोजणीनं लिहिलाय. तिसऱ्या युगाच्या 3019 साली 30 फेब्रुवारीला एन्टांची, म्हणजे झाडांसारख्या जिवांची, सभा सुरू होते, आणि त्याच दिवशी रोहानचा एओमेर परतीच्या वाटेवर आरागोर्नला भेटतो. 1 मार्चला आरागोर्नला पांढरा गॅन्डाल्फ भेटतो. आमच्या दुरुस्तीनंतर हे सगळं एका दिवसात कोंबलं गेलं होतं आणि आरागोर्न एकाच वेळी दोन ठिकाणी होता.

बदल मागे घेतले, पण त्या मुलाला आधी निरोप लिहिला. नुसतं उलटवलं असतं तर तो परत आला नसता. त्याला पंचांगाचं उदाहरण दिलं: आपल्याकडे तिथीचा क्षय होतो, अख्खा महिना अधिक येतो, आणि घरातल्या कॅलेंडरवर ते आपण निमूट वाचतो. त्याचं उत्तर आलं, "शायरच्या पंचांगाचा लेख मी लिहू का?" हो म्हटलं. साचा पोरानं दुरुस्त केला.

8 मार्च

नदीच्या उताराचा लेख आज चार वेळा उलटसुलट झाला. जखमी हॉबिट फ्रोडोला घोड्यावर घेऊन एल्फ आर्वेन नदी ओलांडते, हे 2001 च्या चित्रपटात. पुस्तकात घोडा ग्लोरफिन्देल या एल्फाचा आहे, आणि त्यावर फ्रोडो एकटा असतो. काळे स्वार समोर असताना तो एकटाच वळून उभा राहतो. तो प्रसंग माझ्यासाठी फ्रोडोचा आहे आणि तो त्याच्याकडून काढून घेतला जाऊ नये असं मला वाटतं. पण कोशात माझ्या वाटण्याला जागा नाही, म्हणून नियम: मुख्य मजकूर ग्रंथांतून, चित्रपटातले बदल लेखाच्या शेवटी स्वतंत्र विभागात, वर्षासह. बिल्बोच्या वाढदिवसाची मेजवानी आणि फ्रोडोचं घर सोडणं यात ग्रंथात 17 वर्षं जातात, 3001 ते 3018. तेही याच विभागात गेलं.

15 मार्च

एल्फांचा राजा गिल-गालाद, त्याचा बाप कोण?

1977 च्या 'सिल्मारिलियन'मध्ये तो फिन्गोनचा मुलगा. ते पुस्तक टोल्कीन गेल्यावर क्रिस्टोफर यांनी हस्तलिखितांवरून सिद्ध केलं. पुढे त्यांनी वडिलांच्या कागदपत्रांचे बारा खंड काढले, 1983 ते 1996. शेवटच्या खंडात तेच लिहितात की फिन्गोन हे नाव तिथे घालायला नको होतं. आधीच्या मसुद्यांत तो फिनरोद फेलागुन्दचा मुलगा आहे, आणि वडिलांचा शेवटचा विचार ओरोद्रेथचा मुलगा असा होता.

लेखाच्या माहितीच्या चौकटीत "वडील:" या शब्दापुढे काय लिहायचं? दादा म्हणाला, छापील ग्रंथात आहे ते, फिन्गोन. पोर म्हणाला, शेवटचा विचार तो खरा, ओरोद्रेथ. दोघांचीही बाजू खोटी नाही.

सर म्हणाले, आपल्या भाषेतला पहिला मोठा गद्यग्रंथ कसा तयार झाला ते आठवा. म्हाइंभटांनी लीळाचरित्रासाठी चक्रधरस्वामींच्या आठवणी शिष्यांना विचारून विचारून गोळा केल्या. एकाच लीळेची आठवण दोघांची वेगळी निघाली तर त्या परंपरेनं एकीला खोडून दुसरी ठेवली नाही. वेगळी आठवणही नोंदवून ठेवली. तेराव्या शतकातली गोष्ट.

आणि टोल्कीन यांनी स्वतः तेच केलंय. 1937 च्या 'हॉबिट'मध्ये गुहेत राहणारा गोल्लुम कोड्यांच्या पैजेत अंगठी बक्षीस म्हणून देऊ करतो, ती सापडत नाही म्हणून माफी मागतो आणि बिल्बो या हॉबिटाला बाहेरची वाट दाखवतो. पुढचा मोठा ग्रंथ लिहिताना हे जुळेना, म्हणून 1951 च्या आवृत्तीत ते प्रकरण बदललं. पण जुनं त्यांनी पुसून टाकलं नाही. नव्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत सांगितलं की जुनी हकिकत बिल्बोनं स्वतः आपल्या वहीत लिहिलेली होती आणि ती खरी नव्हती. अंगठीवर आपला हक्क सिद्ध करायला तो सुरुवातीला खोटं बोलला. छापून गेलेला पाठ हाच अंगठीच्या जोराचा पुरावा झाला.

पोरानं रात्रीत "पाठभेद" नावाचा साचा तयार केला. चौकटीत आता एक उत्तर नसतं. प्रत्येक पाठ, तो कुठल्या ग्रंथात, ग्रंथ कोणत्या साली आला. गिल-गालादला तीन ओळी आल्या. दोन निळ्या जादूगारांची नावंही दोन जोड्यांत आहेत: 1980 च्या ग्रंथात आलातार आणि पाल्लान्दो, 1996 च्या खंडात मोरिनेख्तार आणि रोमेस्तामो. तिथेही हाच साचा लावला. ऑर्कांच्या उत्पत्तीला लावायचा तर साचा फाटेल इतके पाठ आहेत. तो लेख नाशिककडे.

25 मार्च

कथेतल्या खलनायकाचा, साउरोनचा पाडाव 25 मार्चचा, म्हणून 2003 पासून इंग्लंडमधली टोल्कीन सोसायटी हा दिवस वाचनदिन म्हणून पाळते. आम्ही रात्री नऊला जमलो, दादाकडे सकाळ. नवे सात जणही होते. परिशिष्टं आळीपाळीनं मोठ्यानं वाचली; मूळ इंग्रजी वाचायचं आणि लगेच तोंडी मराठीत सांगायचं. शेवटी "एफ"पर्यंत पोचलो.

30 मार्च

पाडवा. गुढी उतरवून बसलेय आणि ही नोंद सविस्तर लिहायची आहे, कारण 9 फेब्रुवारीची नोंद अपुरी होती.

शायरच्या पंचांगाचा लेख लिहिणाऱ्या त्या मुलानं वाचनदिनाला विचारलं, "मग सॅम फ्रोडोला तू म्हणतो की तुम्ही?" मी लगेच म्हणाले, तू. शायरमध्ये आदराचं रूप गळालंय, आपण पिप्पिनच्या लेखात लिहिलंय. तो म्हणाला, "पण ताई, पुढचं वाक्य बघा."

पुढचं वाक्य असं सांगतं: आदराची रूपं फक्त गावकऱ्यांत टिकून होती, विशेषतः शायरच्या वेस्टफार्दिंग या भागातल्या, आणि तिथे ती मायेनं वापरली जात. आम्ही पाच जणांनी त्या परिच्छेदावर एक रविवार घालवला होता आणि हे वाक्य ओलांडून पिप्पिनकडे गेलो होतो.

हॉबिटन वेस्टफार्दिंगमध्ये आहे. सॅम तिथला, माळ्याचा मुलगा, गावकरीच. म्हणजे सॅमच्या तोंडी "तुम्ही" असू शकतं, आणि ते नोकरानं मालकाला दिलेल्या मानाचं असण्याची गरज नाही. त्याच्या गावात "तुम्ही" हा मायेचा शब्द होता.

आपल्याकडे माया तू मध्ये असते. आईला तू, विठ्ठलाला तू. म्हणून मी त्या मुलाला म्हटलं, मराठी वाचकाला हे उलटं वाटेल, कसं समजवायचं? सर इतका वेळ ऐकत होते. म्हणाले, "माझ्या घरी चाळीस वर्षं मला 'अहो' म्हणून हाक येते. त्यात मान किती आणि माया किती हे मला अजून वेगळं काढता आलेलं नाही."

सॅमनं नक्की काय वापरलं हे ग्रंथात कुठेही लिहिलेलं नाही, त्यामुळे ठाम विधान करायचं नाही. परिशिष्टातलं वाक्य काय सांगतं, हॉबिटन कुठे आहे, एवढंच शेजारी शेजारी ठेवायचं. सॅमवाइज गॅमजीच्या लेखात "बोली" असा नवा विभाग उघडला. पहिला परिच्छेद त्या मुलानं लिहिला, संदर्भ नाशिकहून तपासून आला, दादानं दोन शब्द बदलले. "अहो"चा दाखला लेखात ठेवायचा की चर्चापानावर, यावर अजून मतं घेतोय. माझं मत लेखात ठेवावा असं आहे.

पिप्पिनच्या लेखातलं "शायरमध्ये सगळ्यांना तू" हे माझं वाक्य आज दुरुस्त केलं. बदलाच्या सारांशात लिहिलं: वेस्टफार्दिंगचा अपवाद जोडला.